शेंदराखालचं लोखंड

दस्तगीरचाचांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण इतिहासावरून झालं आणि त्यात मी हरले. यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. घरातच, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं त्यांच्या गावच्या विलासअण्णांनी फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटकेसारखं काहीतरी. हा माणूस अंथरुणावर, शांतपणे गेला, याचा मला आनंद झाला. असं का वाटलं ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

आटपाडीच्या अलीकडं पांढरओढा म्हणून गाव आहे. तिथल्या हायस्कुलात मी अकरा वर्षं इतिहास शिकवला. मूळची मी वाईची. आमच्याकडं घाटावर कुणीही उठतो आणि तुम्हाला इतिहास सांगतो, त्यामुळं ऐकून घेण्याची सवय जरा कमीच. गेल्या गेल्या पहिल्याच वर्षी मुलांना गावाचा इतिहास लिहायला लावला. गावाला सांगण्यासारखा इतिहास एकच होता, तो म्हणजे कॅम्पाचा माळ. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं गावावरचा सगळा माळ ताब्यात घेतला, तंबू ठोकले आणि सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांना तिथं बंदूक धरायला शिकवून बोटीवर चढवलं. युद्ध संपलं, तंबू उठले. मागं राहिले सिमेंटचे चौथरे, एक कोरडा हौद, नेमबाजीसाठी घातलेला चांदमारीचा मातीचा बांध आणि घरटी एक तरी पोरगा फौजेत धाडायची रीत. आजही सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं सकाळी त्याच माळावर धावतात.

तर माझ्या मुलांनी तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, की कॅम्पात दहा हजार सैनिक होते. मी शाबासकी दिली आणि तक्ता व्हरांड्यात लावला. चार दिवसांनी खिडकीचे गज जोडायला एक उंच, हाडकुळे गृहस्थ आले. डोक्याला पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. गज बाजूलाच राहिले, ते तक्ता वाचत उभे.

"बाई, ह्ये दहा हजार कुनी मोजलं?"

मी म्हटलं, "गावातले जुने लोक सांगतात."

"जुनं लोक म्हंजे मीच की. मी न्हाई सांगितलं."

मला राग आला. पोरांसमोर बोलले म्हणून जास्तच आला. मी म्हटलं, मग तुम्हीच सांगा किती होते. त्यावर त्यांनी सांगितलं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्हाला माळावर घेऊन गेले आणि मुलांना चुली मोजायला लावल्या. चौथऱ्यांच्या मागं काळवंडलेल्या दगडांच्या रांगा होत्या. मी तिथून दहा वेळा गेले असेन, पण त्या लष्कराच्या स्वयंपाकाच्या चुली आहेत हे मला कधी सुचलं नव्हतं. एका चुलीवर एका वेळेला किती माणसांचं शिजेल, हे त्यांनी पोरींना विचारलं. मग हौदाची लांबी-रुंदी घ्यायला लावली आणि माणशी पाणी किती लागेल ते पोरांना विचारलं. हिशेब दहा हजारांच्या जवळपासही फिरकेना.

"मानसं वाढवून सांगत्यात, बाई," ते म्हणाले. "चूल कशाला वाढवून सांगंल?"

मी तक्ता उतरवला. त्या दिवसापासून कुठलाही आकडा लिहिला, की मला तो उंच माणूस पाठीमागं उभा आहे असं वाटतं. याला आदर म्हणायचं की धाक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चाचा जातीनं शिकलगार. हत्यारांना धार लावायची हा घरचा पिढीजात धंदा. त्यांचे आजोबा कॅम्पात संगिनी पाजळायला होते. एसटी स्टँडसमोर चाचांचं पत्र्याचं दुकान होतं, धार लावायचं चाक आणि वेल्डिंगचं मशीन यांचा तिथं एकत्र संसार. लोखंड कसलंही असो, आधी ते तळहाताची पाठ त्याला लावणार, आईनं पोराचा ताप बघावा तशी. मग तीन प्रश्न. कुठनं आलं? कुनाचं हुतं? कवापासनं हाय? उत्तरं मिळाल्याशिवाय कामाला हात नाही. गिऱ्हाइकं वैतागायची. "चाचा, कोयत्याला धार लावायची हाय, सोयरीक न्हाई जमवायची," असं एकदा एक म्हातारी म्हणाली, तर चाचांनी तिचा कोयता तिला परत दिला. शेवटी तिनं सांगितलं, की कोयता सासूचा आहे, सासू मेल्यापासून माझ्याकडं आहे. मग धार लागली. मी वर्गात साधनांची चिकित्सा शिकवायचे ती पुस्तकातून. या माणसाला ती हातातून येत होती.

त्यांचा दुसरा हट्ट माळाचा. माळावर लोखंडाचं, पितळेचं काहीही दिसलं तर हात लावायचा नाही. शेजारी दगडावर दगड ठेवायचा आणि चाचांना येऊन सांगायचं. सांगणाऱ्याच्या घरची सगळी हत्यारं त्या वर्षी फुकट पाजळून मिळणार. कॅम्पात उखळी तोफांचे गोळे उडवायला शिकवायचे आणि त्यातले काही न फुटता मातीत रुतून राहिले, हे त्यांचं म्हणणं. गावाला ते पटायचं आणि पटायचंही नाही. एकदा शेळ्या राखणाऱ्या रखमाबाईला ओढ्याकाठी काहीतरी दिसलं. चाचा भर उन्हात तिच्यासोबत गेले, दोन हातांच्या अंतरावर जमिनीवर पालथे पडून अर्धा तास ते निरखत राहिले. माणसं जमली. शेवटी तो पंपाचा तुकडा निघाला. त्यानंतर कितीतरी दिवस पोरं दुकानासमोरून ओरडत जायची, की चाचा, आमच्या म्हशीच्या पोटात बॉम्ब हाय का बघा.

मीही हसले होते. चाचा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "पंपाचा निघाला तर बरंच झालं की," एवढंच म्हणाले आणि चाकाला लागले.

मग स्मारकाचं निघालं. कल्पना माझी, हे लपवून चालणार नाही. गावच्या फौजी माणसांची नावं कोरलेला एक खांब माळाच्या तोंडाशी उभारायचा, दसऱ्याला उद्घाटन करायचं, असं मी ग्रामसभेत बोलून बसले. सगळ्यांनी उचलून धरलं. विलासअण्णांनी तर लगेच जागा झाडून घेतली. हे निवृत्त हवालदार, फौजेत अठरा वर्षं ट्रक चालवलेला माणूस, आता डाळिंबाची बाग. त्यांचे आजोबा सुभेदार, कॅम्पात कवायत शिकवायला होते. त्यांच्या घरात खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत दोन गोळे मांडायचे. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या मधोमध ते दोन गोळे, हळदी-कुंकू, तेल, शेंदूर. वर्षानुवर्षांच्या शेंदरानं ते अगदी गुबगुबीत झाले होते. गावात ते 'सुभेदाराचे गोळे' म्हणूनच ओळखले जायचे.

मी सुचवलं, की हे गोळे खांबाच्या दोन बाजूंना लोखंडी बैठकीवर चाचांकडून वेल्डिंगनं जोडून घेऊ. खंडेनवमीची पूजा यंदा तिथंच होईल, दुसऱ्या दिवशी उद्घाटन. विलासअण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. अष्टमीला सकाळी मी त्यांच्या वस्तीवर गेले. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, गोळ्यांना कुंकू लावलं, टॉवेलात गुंडाळले, पोत्यात घातले आणि पोतं माझ्या स्कूटरवर पायांशी ठेवून दिलं. वस्ती ते स्टँड तीन किलोमीटर. त्या रस्त्यावर खड्डे मोजायचे नसतात, रस्ता मोजायचा असतो. प्रत्येक खड्ड्याला पोत्यातले गोळे एकमेकांवर आपटत होते आणि मी उद्घाटनाच्या भाषणाची मनात जुळवाजुळव करत होते.

चाचा ट्रॉलीचा हूक जोडत होते. दुकानात दोघं-तिघं थांबलेले. मी पोतं जरा धपकन्‌च टेबलावर ठेवलं आणि टॉवेल सोडला. चाचांनी डोळ्यांवरची काच वर केली, सवयीनं तळहाताची पाठ एका गोळ्याला लावली आणि हात तिथंच थांबला. मग दुसऱ्याला लावली. तीन प्रश्नांपैकी एकही विचारला नाही.

"बाई, गाडीवर कशी आनली?"

"पायाशी ठेवून."

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जाऊन मेन स्विच बंद केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सगळी भायेर व्हा. पळायचं न्हाई. चालत जावा."

चालत बाहेर जाणं इतकं अवघड असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. स्टँडवरची माणसं त्यांनी रस्त्यापलीकडं काढली, चहाच्या टपरीचा गॅस बंद करायला लावला आणि मला ठाण्यात फोन करायला सांगितलं. फोनवरच्या माणसानं विचारलं, "बॉम्ब नक्की आहे का, मॅडम?" मी चाचांकडं बघितलं. दुकानाच्या दारात दोन्ही हात आडवे टेकून ते उभे होते.

"हाय म्हना," ते म्हणाले.

मी 'आहे' म्हणून सांगितलं. फोन करायच्या आधी दोनदा नंबर चुकला होता.

बातमी वस्तीवर पोचायला दहा मिनिटं लागली नाहीत. विलासअण्णा मोटरसायकलवर आले, मागं भावकीतली पाच-सहा माणसं. चाचांनी तोवर दारात आडवी दोरी बांधली होती.

"चाचा, काय लावलंय ह्ये? उद्या खंडेनवमी. बैठकीला जोडायचं नसंल तर नगा जोडू. आमचा द्येव आमाला द्या."

"द्येव हाय म्हनूनच सांगतुया इलास, हात लावू नगंस."

"मी अठरा वर्सं फौजेत काढली. मला कळत न्हाई व्हय? आमच्या सुभेदार आजानं आनल्यात ते. शिकवायचं मोकळं गोळं. आत काय नसतंय."

"आजानं दोन्ही आनलं?"

"एक आजानं. दुसरा बापाच्या नांगराला घावला, माळाकडच्या पट्टीत. तसाच दिसला म्हनून जोडीला ठेवला."

"आन त्यो कुनी मोकळा केला?"

मलाही तेव्हाच कळलं. इतकी वर्षं त्या घरात ही गोष्ट कौतुकानं सांगितली जात होती. मीही ती वहीत लिहून घेतली होती, दुसऱ्या गोळ्याच्या नांगरासकट. लिहून घेतली आणि हा प्रश्न विचारला नाही. ज्या वस्तूला पाळण्यात असल्यापासून हात जोडले, तिच्याकडं विलासअण्णांनी फौजी माणसाच्या नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचं ठीक आहे. मी तर चिकित्सेचा पगार घेत होते.

"कुठला आजाचा आन कुठला नांगराचा, सांग की," चाचा म्हणाले. "त्यो नांगराचा हितं ठिवू, आजाचा घिऊन जा."

विलासअण्णांनी दोरीवरून वाकून पाहिलं. दोन्ही शेंदरानं सारखेच झाले होते. माणूस ओळखता येईना म्हणून ओशाळतो तसे ते ओशाळले, आणि ओशाळलेला माणूस चिडतो. "जल्मापास्नं शेंदूर लावतुया आमी. आजवर काय झालं? द्या, आमी आटपाडीला न्हेऊन जोडून आनतो."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ह्येंला काय पडलंय आपल्या द्येवाचं."

ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं. रस्त्यापलीकडं उभे होते त्यांनीसुद्धा. मी या गावात अकरा वर्षं होते, ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ एकाच डब्यातून इकडून तिकडं जाताना पाहिला होता, आणि त्या क्षणी मला या सगळ्या माणसांची भीती वाटली. आत पोत्यात काय आहे यापेक्षा जास्त वाटली. विलासअण्णांनी मागं वळून पाहिलं, पण बोलले काही नाहीत. ते तेव्हा बोलले नाहीत, याचं त्यांना पुढं फार लागलं.

चाचांनी टोपी काढून कपाळ पुसलं, पुन्हा घातली.

"खरं हाय. तुमचा द्येव मला कळत न्हाई. लोखंड कळतंय." मग ते दोरीखालून आत गेले आणि टेबलाच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसले. "ज्येला न्यायचा त्येनं आत यावं. मी हितंच बसलोय. अडवत न्हाई कुनाला."

कुणीही आत गेलं नाही.

जिल्ह्याहून बॉम्बशोधक पथक यायला तीन तास लागले. ते तीन तास चाचा त्या टेबलाखाली बसून होते. मला त्यांनी लांबच्या लिंबाखाली पिटाळलं होतं. तिथून त्यांचे गुडघे आणि मांडीवर ठेवलेले हात दिसायचे. पोलीस पाटील मधून मधून ओरडून सांगायचे, की चाचा, आता भायेर या, कोन न्हेत न्हाई. ते मान हलवायचे आणि बसून राहायचे. आपण उठलो तर कुणीतरी मागच्या पत्र्यातून शिरेल आणि पोतं उचलेल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. विलासअण्णाही हलले नाहीत. रस्त्याच्या कडेला मोटरसायकलवर बसून ते सारखे दुकानाकडं बघत होते. ते देवाची राखण करत होते की चाचांची, ते मला कळत नव्हतं. बहुतेक त्यांनाही कळत नसावं.

पथकाच्या साहेबांनी गोळे निरखले. शेंदूर खरवडायची त्यांचीही तयारी नव्हती, आणि खरवडल्याशिवाय सांगता येत नाही म्हणाले. वाळू भरलेल्या पेटीतून दोन्ही माळावर न्यायचे आणि वेगवेगळ्या खड्ड्यांत उडवून टाकायचे, असं ठरलं. वहिनी पुढं झाल्या, पेटीला लांबूनच नमस्कार केला आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

सगळा गाव चांदमारीच्या अलीकडं रस्त्यावर जमला. पोरांना हुसकावून मागं घेतलं. चाचा गर्दीच्या कडेला एकटेच उभे होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून माणसं उभी होती.

पहिला खड्डा उडाला. फटाका लांब वाजावा तसा आवाज आणि थोडी धूळ. पथकातला एक जण जाऊन आला आणि साहेबांनी सांगितलं, की वाजलं ते आमचंच स्फोटक, हा मोकळा होता. गर्दीत कुणीतरी फिसकन्‌ हसलं. "पंपाचा असंल," एक आवाज आला आणि हसणं पसरलं. विलासअण्णा माझ्याकडं वळले. "बगा बाई. आमचा आजा खोटं बोलत नव्हता." चाचा पायाखाली बघत होते.

मी आता खरं लिहिते. त्या मिनिटभरात मी मनात म्हटलं, दुसरा फुटू दे. माझ्या पायांशी तीन किलोमीटर आपटत आलेला तो गोळा जिवंत असावा, असं मला मनापासून वाटलं. त्या एकट्या माणसाकडं मला बघवत नव्हतं.

दुसरा फुटला. आवाजाच्या आधी जमीन हलली, ती तळव्यांना कळली. माती वर गेली ती बराच वेळ खाली येतच राहिली. शाळेच्या पत्र्यावर काहीतरी ताडताड पडलं. चांदमारीच्या बांधावरून आवाज परत आला. वहिनी होत्या तिथंच मटकन्‌ खाली बसल्या. विलासअण्णांचा हात हवेतच राहिला होता.

"बारकी नातवंडं त्येच्यावर डोस्कं ठिवून पाया पडत्यात," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. मग ते गर्दीतून चाचांकडं गेले, त्यांच्या पायांशी वाकले, आणि चाचांनी त्यांना अर्ध्यातच धरलं. "आरं, आरं इलास," एवढंच ते म्हणत राहिले. घरी मी स्कूटर ढकलत नेली.

दिवाळीनंतर माझी बदली झाली आणि मी सांगलीला विश्रामबागेत राहायला आले. पण चाचांना मी शेवटचं डोळे भरून पाहिलं ते त्याआधी, गोळे उडवल्याच्या तिसऱ्या दिवशी, दसऱ्याला.

खांबाच्या दोन्ही बाजू मोकळ्याच राहिल्या होत्या, तरी उद्घाटन करायचं ठरलं. पहिलं आपट्याचं पान चाचांच्या हातात द्यायचं आणि पडदा त्यांनीच ओढायचा, हा विलासअण्णांचा आग्रह. स्पीकर लागला, माणसं जमली, शाल-श्रीफळ ताटात आलं, आणि चाचांचा पत्ता नाही. दुकानाला कुलूप. त्यांना शोधायला मला धाडलं.

ते माळावर सापडले, चांदमारीच्या पलीकडं. परतीच्या पावसानं जमीन भुसभुशीत झाली होती. हातात काठी घेऊन ते एकेक पाऊल टाकत चालले होते. पाऊल टाकायचं, खाली बघायचं, मग पुढचं. पोरांच्या धावण्याची वाट तिथून शंभर पावलांवर होती. मी हाका मारत त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मान वर केली नाही.

"चाचा, तिकडं सगळे खोळंबलेत. तुमच्या हातून पडदा उघडायचाय."

"उघडू द्या की कुनाकडनं तरी."

"असं कसं? तुम्ही तो गोळा ओळखला म्हणून आज विलासअण्णांचं घर उभं आहे. मीही आहे."

"न्हाई वळखला, बाई."

मला वाटलं, नम्रपणा करतायत. म्हटलं, "मला 'हाय म्हना' कोण म्हणालं होतं?"

"म्हनलो. पर ठावं नव्हतं मला. दोन्ही मोकळंच निगतील आसं वाटत हुतं. हाताला काय कळतंय एवढ्या शेंदरातनं? तिथं बसलो तवाबी मनात त्येच. आता दोन्ही मोकळं निगनार आन गावात ऱ्हानं मुश्कील हुनार."

"मग एवढं छातीठोकपणे का बसलात?"

ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. खाली गावातून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करून स्पीकर लागतोय का बघत होतं.

"माझ्या बापाला पक्की खात्री हुती," ते म्हणाले. "क्यांप उठल्यावर पितळ गोळा करत हुता त्यो, ह्याच माळावर. आजानं हत्यारं हाताळायला शिकवलेला, गावात त्येच्याएवढं कुनाला कळत नव्हतं. मोकळाच हाय म्हनला आन छनी लावली. मी सा वर्सांचा. आईसंगट भाकर घिऊन आलो हुतो. आमी हौदापातूर पोचलो हुतो."

काठीनं त्यांनी हौदाकडं दाखवलं. हौद तिथून फार लांब नव्हता. अकरा वर्षांत मी त्यांना हजार प्रश्न विचारले होते. हा माणूस कुठून आला, कुणाचा आणि केव्हापासून असा आहे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

"तवापास्नं मला कशाची खात्री वाटली, की भ्या वाटतं," ते म्हणाले आणि पुढचं पाऊल टाकायला काठी उचलली.

काठी उचललेलीच राहिली. ते माझ्या पुढ्यातल्या जमिनीकडं बघत होते. पावसानं तिथली माती वाहून गेली होती आणि काहीतरी गोलसर, गंजकं, वाटीएवढं वर आलं होतं.

"बाई, हालू नका."

मी हलले नाही.

"आता मागं फिरा. आलात त्याच पावलांवर पाऊल ठिवून जावा. घाई करू नका."

"चाचा, काय आहे ते?"

"ठावं न्हाई," ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर हात टेकत हळूहळू खाली वाकले.

मी माझ्याच पावलांचे ठसे शोधत, एकेका ठशात पाय ठेवत निघाले. स्पीकरवर तिसऱ्यांदा त्यांचं नाव पुकारत होते. वाटेवर पोचल्यावर मी मागं पाहिलं. चाचा जमिनीवर पालथे झाले होते, आणि एक हात वर करून मला अजून लांब जा म्हणून खुणावत होते.